सरपंचांच्या गूळतुलेचा तराजू जप्त करणेबाबत

प्रति,
मा. निरीक्षक, वैधमापन शास्त्र,
केज, जि. बीड.

विषय : श्री. बंकट नखाते यांच्या गूळतुलेचा तराजू येत्या रविवारपूर्वी जप्त करणेबाबत.
संदर्भ : डॉक्टरांनी दिलेली तोंडी तंबी.

महोदय,

१. अर्जदार ही वरील बंकटरावांची लग्नाची बायको असून घरात तिचे कोणी ऐकत नसल्याने तिला सरकारदरबारी यावे लागले आहे.

२. बंकटराव गावचे सरपंच. दरवर्षी वाढदिवसाला (यंदा तो येत्या रविवारी आहे) कार्यकर्ते मोंढ्याच्या बाजारातून मोठा तराजू आणून त्यांची गुळाने तुला करतात व तो गूळ गावात वाटतात. गेल्या साली ते एकशे अठरा किलो भरले. शेजारगावचे सरपंच अमरसिंह तीन किलो जादा भरले. तेव्हापासून गावाला अन्न गोड लागत नाही. बंकटरावांना मात्र लागते.

३. वैशाखात बंकटरावांना हृदयविकाराचा झटका आला. बीडला नेऊन रक्तवाहिनीत जाळी बसवली. डॉक्टरांनी बजावले, की पोटावरच्या चरबीने रक्तदाब व साखर चढते आणि हृदयाला जादा राबावे लागते; जाळी बसली म्हणून सुटका नाही, वजन उतरवले नाही तर दुसऱ्या झटक्याचा धोका आहे. अर्जदाराने त्यांना भाकरी-पालेभाजीवर ठेवून, सकाळी शेताकडे पायी हाकून अकरा किलो उतरवले. जिना चढताना लागणारी धापही कमी झाली.

४. ही बातमी फुटताच कार्यकर्त्यांचे धाबे दणाणले. त्यांतील प्रवीण रोज 'तब्येत बघायला' येतो व तुपातला शिरा आणतो. सासूबाई रतनबाई दाराला कडी लावून तो खाऊ घालतात. लेकरू वाळले, असे त्यांचे म्हणणे. सदर लेकरू चोपन्न वर्षांचे आहे. परवा शिऱ्यानंतर बंकटरावांच्या छातीत दुखले. त्यांनी अपचन म्हणून सोडा पिऊन भागवले. अर्जदाराने हात जोडले, तर म्हणाले, "माणसं लई हौसेनं करत्यात. आता हलकं भरून त्यंचं तोंड पाडू व्हय?" अर्जात असे लिहीत नाहीत हे ठाऊक आहे, पण त्यावर अर्जदार रडली.

५. तरी सदर तराजूवर आपल्या खात्याचा पडताळणीचा शिक्का आहे काय, हे तपासावे. नसल्यास तराजू जप्त करावा. असल्यास कृपया फार निरखून बघू नये. तेही कायद्यात बसत नसेल, तर घटलेले वजन भरून काढण्यासाठी अर्जदार भर मांडवात पतीच्या मांडीवर बसण्यास तयार आहे. गावाची इभ्रत राहील, अर्जदाराची गेली तरी हरकत नाही.

६. गेल्या साली त्यांना पारड्यात चढवायला चौघे लागले होते. त्याच चौघांना उद्या त्यांना खांदा द्यायला आमच्या अंगणात यावे लागू नये, एवढेच मागणे आहे.

रविवारच्या आत आपली वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
सौ. सुकन्या बंकट नखाते
दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : दवाखान्यातून सोडतानाचा कागद व वाढदिवसाच्या फलकाचा फोटो.