इथे मी हरवले

३ जानेवारी
सराव परीक्षेत पोरीला गणितात सव्वीस. शंभरपैकी! पहिल्या चाचणीत ब्याऐंशी होते.
वर्गशिक्षिकांनी बोलावून घेतलं. "हुशार मुलगी आहे हो. घरी काय बदललं?" विचारून बसल्या आणि मग स्वतःच ओशाळल्या. ही – पोरीची आई – जाऊन अडीच महिने झाले, ते त्यांनाही माहीत आहे.
घरी आलो तर पोरगी म्हणाली, "मी यंदा दहावीला बसत नाही."
मी म्हटलं, बसायचंच.

४ जानेवारी
टेबल खिडकीपाशी हलवलं. नवा दिवा लावला. टीव्हीची वायर काढून कपाटात टाकली. वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं – रेघा पट्टीने मारून.
"छान आहे, बाबा." वाचलं नाही तिने.

११ जानेवारी
आठवडा झाला. दिवा चालू, पुस्तक उघडं, पान तेच.

१२ जानेवारी
ही काय करत होती, ते आज बसून आठवलं. संध्याकाळी इस्त्री करायची. पोरगी शेजारी उभी राहून तिला धडा समजावायची. ही मध्येच इस्त्री उभी करून म्हणायची, "थांब, इथे मी हरवले. पुन्हा सांग." पोरगी कपाळावर हात मारायची – "आई, किती वेळा!" – आणि पुन्हा सांगायची, वेगळ्या तऱ्हेने.
मी पेपर वाचत असे. एकदा हसून म्हणालो होतो, "हिला सांगून काय उपयोग? सातवीत शाळा सुटलेली बाई!" ही इस्त्री फिरवत राहिली.
उद्यापासून मी बसणार.

१३ जानेवारी
बसलो. वर्तुळाची स्पर्शिका. दुसऱ्याच ओळीला ती चुकली, आणि माझा हात आपोआप खिशातल्या लाल खडूकडे गेला. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचे, केसाएवढा फरक दिसला तरी फुली मारायची – बावीस वर्षं हेच काम. तिथे मला सगळे मायक्रोमीटर म्हणतात.
चौथ्या फुलीला तिने वही मिटली.
"तुमच्यापुढे चुकायची सोयच नाही, बाबा. आईपुढे होती."

१४ जानेवारी
"काय मायक्रोमीटर, दुपार झाली तरी एकही फुली नाही? ताप आहे का?" शेजारचा मशीनवाला.
खडू कारखान्यातच ठेवून आलो.

१५ जानेवारी
इस्त्री मी घेतली. विषय पेशीविभाजन. एका पेशीच्या दोन होतात इथवर ठीक. पुढचं खरंच कळेना. पण तोंडातून शब्द निघेनात! 'मला कळलं नाही' असं मी शेवटचं कधी कोणाला म्हटलं? आठवत नाही.
इस्त्री उभी केली. म्हटलं, "थांब. इथे मी हरवलो."
ती मग म्हणाली, "कॉलर करपली, बाबा." आणि पहिल्यापासून सांगायला लागली.

२ फेब्रुवारी
रोज तासभर. काल ती सांगता सांगता स्वतःच अडली, हसली, आणि खोडून पुन्हा लिहिलं. मी गप्प राहिलो. जमायला लागलंय – मला.

१९ फेब्रुवारी
शेवटच्या सरावात गणितात एकसष्ट. माझे तीन शर्ट कामातून गेले. चालेल.

२६ फेब्रुवारी
टपालाने पाकीट आलं, हिच्या नावाने. आत दहावीचं हॉल तिकीट. बाहेरून बसणारी विद्यार्थिनी. फोटोत ही, केस चापून बसवलेले.
पोरीपुढे ठेवलं.
"मला माहीत होतं. फॉर्म मीच भरून दिला. पास झाल्यावर आई तुम्हाला सांगणार होती. आधी कळलं तर हसाल म्हणाली."
मग बोट त्या फोटोवर ठेवून म्हणाली, "आम्ही दोघी बसणार होतो, बाबा."