जाळीवरचे तिरपे टाके

बाबा,

आई गेली. तिचे दिवस झाल्यावर धानोऱ्याचं घर रिकामं करायला मी कोरपन्याहून एकटीच गेले. तिच्या पेटीत साड्यांखाली तुमचं ते भरतकामाच्या टाक्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. बाकीचं सगळं वाटून टाकलं, पुस्तक तेवढं घेऊन आले. घर आवरताना काहीच वाटलं नाही मला. तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. बाया रडत होत्या आणि मी चहाला दूध पुरेल का ते बघत होते.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट, मोहफुलांचे दिवस होते. तुम्ही वनरक्षक, नेहमीसारखे पहाटे जंगलात बीटावर गस्तीला निघालात आणि नाल्याजवळ अस्वलानं धरलं. उजवा हात मनगटापासून फाडला. नागपूरच्या दवाखान्यातून तुम्ही परत आलात तेव्हा अंगठा आणि बोटं अर्धवट मिटलेली होती, जणू काही धरून ठेवलंय आणि सोडायचं नाही. तिथं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हे पुस्तक, जाळीचं जाड कापड, लोकर आणि बोथट टोकाची सुई दिली होती. हात रोज बारीक कामाला लावा, नाहीतर असाच राहील, असं त्या म्हणाल्या होत्या. ऑफिसातून विचारणा होत होती, कामावर येणार की नाही. तुम्ही कोणाशीच बोलत नव्हता. जेवण आईच भरवायची.

मी दहावीत. इंग्रजी वाचता येतं म्हणून मला तुमच्याजवळ बसवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी, उजेडात. मी एक ओळ वाचते, जमेल तसा अर्थ सांगते, तुम्ही सुई ओवायला घेता. ती निसटते. मी पुन्हा तीच ओळ वाचते. लोकर हाताच्या लांबीपेक्षा जास्त घेऊ नये, जाळीत घासून विरते. सुरुवातीला गाठ मारायची नाही, शेपूट मागे सोडायचं आणि पुढच्या टाक्यांखाली दाबून न्यायचं. टाका ओढायचा नाही, नुसता बसवायचा. एकदा तुमची सुई जाळीत अडकली आणि मी पटकन ओढून दिली. तुम्ही वर पाहिलं नाही.

“हात नको लावू. माझं मले काढू दे.”

परत आल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी हात मांडीखाली दाबून बसले.

पहिला तुकडा तुम्ही ओळीनं भरला, डावीकडून उजवीकडे सारखे तिरपे टाके. पूर्ण झाला तेव्हा चौकोन राहिलाच नव्हता, एका बाजूला कलंडला होता. तुम्ही तो भिंतीशी टाकून दिलात. मी पानं उलटत बसले. मग सापडलं. सगळे टाके ओळीनं घातले की कापड एकीकडे खेचलं जातं, म्हणून कोपऱ्यापासून पायऱ्यांसारखं तिरपं खाली जायचं आणि तिरपंच वर यायचं. मागच्या बाजूला टोपलीसारखी वीण दिसते. कलंडलेला तुकडा ओला करून फळीवर टाचण्यांनी सरळ ताणून वाळवायचा, असंही लिहिलेलं होतं. ते वाचल्यावर तुम्ही तुकडा परत उचललात.

एकदा तुमच्या ऑफिसातले एक जण भेटायला आले. तुमच्या मांडीवर लोकर पाहून हसले.

“काऊन गा, बायकायचं काम करून राह्यला का?”

“हो,” तुम्ही म्हणालात. “बस. चहा घे.” आणि टाका घातलात. ते बसले आणि चहा घेतला.

पाऊस संपून धान पिवळं पडायला लागलं तेव्हाची सकाळ. तुम्ही खाटेवर बसून सदऱ्याचं बटण लावताय. बराच वेळ लागतोय. आई भाजी चिरता चिरता थांबली आहे, मी दप्तर भरायची थांबले आहे. एक लागलं. मग दुसरं. सगळी लावून झाल्यावर तुम्ही म्हणालात, “भाकर मीच खातो आज.” आई पाठमोरी झाली आणि बराच वेळ चुलीतली लाकडं सारत बसली.

बोटं पूर्ण कधी उघडली नाहीत, पण तुम्ही कामावर गेलात. बीट सुटलं, रोपवाटिकेवर बदली मिळाली. मी ब्रह्मपुरीला कॉलेजात निघाले तेव्हा तुम्ही पिशवी दिलीत, हिरव्या टाक्यांची, आतून आईनं अस्तर लावलेली. “पुस्तकं मावतात का पाह्य,” एवढंच म्हणालात. मावत होती.

आता रोज दुपारी मी पुस्तक उघडून बसते. तिरपा टाका येतो. विटांसारखा एक आहे, तो उंचसखल होतो. हात चालतात. आत काही हलत नाही, हललं पाहिजे असंही वाटत नाही. आज सुई ठेवून हे लिहायला घेतलं. यांची सिमेंट फॅक्टरीतली ड्यूटी संपली, मघाशीच घरी आले. दारातून म्हणाले, “कोणाले लिहून राह्यली?”

“कोणाले नाई.”

ते हातपाय धुवायला गेले. कागद घडी करून ठेवते आहे, टाकायला कुठली पेटी नाही. एक मात्र सांगते, बाबा. मला भरतकाम तेव्हाही आवडत नव्हतं, आताही आवडत नाही. तुमच्याजवळ बसायला मिळायचं म्हणून मी हळू वाचायचे.