तांबड्या रश्श्याला वाजलेला भोंगा

चि. विश्वजित यास,

बाळासोमामाचे पोटभर आशीर्वाद. पुण्यात तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल. इकडं तुझी मामी माझ्याशी बोलत न्हाय आणि मला झोप न्हाय, एवढं सोडलं तर सगळे खुशाल. (फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र.)

आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये तू कॅमेरा बसवून गेलास, त्याचं हे सगळं. तू म्हणालास, मामा, हा कुणाचा चेहरा साठवत न्हाय, माणसाच्या जागी नुसत्या रेघा बघतो, चित्रण बाहेर कुठं धाडत न्हाय, झिरोच्या बल्बाएवढी वीज खातो, आणि हाणामारी दिसली की भोंगा वाजवून चौकीला निरोप देतो. मी खुळ्यागत मान डोलावली. (वीजबिल वाढणार न्हाय म्हटल्यावर मी कशालाबी मान डोलावतो.)

रविवारी त्याच हॉलमध्ये आपल्या संयोगिताची सुपारी फुटली. मुरगूडचे पावणे, व्याही सयाजीराव, माणूस लाखात एक. जेवणाला मटण. आता आग्रह केल्याशिवाय व्याही उठला तर गावात काय अब्रू राहिली? सयाजीरावांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मी एका हातानं त्यांचं मनगट बाजूला सारलं आणि दुसऱ्या हातानं पळी उगारली. ते मागं सरले, मी पुढं. आमच्या धाकट्या पोरानं त्यांचे खांदे दाबून धरले (प्रेमानं रे, पावणं उठू नये म्हणून). आणि भोंगा वाजला! आयला, काय त्यो आवाज! मी दचकलो, तांबडा रस्सा सगळा व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. तेवढ्यात चौकीवरनं हवालदार हजर, आणि तांबडा सदरा बघून त्यांनी पहिलं दरडावलं ते सयाजीरावांनाच. ते तसल्याच सदऱ्यानं तडक गाडीत जाऊन बसले.

विहीणबाईंची समजूत काढायला मी चित्रण लावून दाखवलं. तर काय, रेघांचा एक माणूस रेघांच्या दुसऱ्या माणसाला पळीनं बडवतोय! ना चेहरा, ना रस्सा, ना माया. मी म्हटलं, हे आमचं प्रेम हाय. त्या म्हणाल्या, दिसतंय की.

तेव्हापासून मुरगूडचा फोन न्हाय. पोरगी जेवत न्हाय, फोन वाजला की धावत जाते आणि तोंड पाडून परत येते. माझ्या पळीपायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं तर मी काय करू रे? ताबडतोब ये आणि ते यंत्र काढून ने. ज्याला आग्रह आणि मारामारी यातला फरक कळत न्हाय, त्यानं कोल्हापुरात राहूच नये.

तुझा, काळजीनं निम्मा झालेला,
बाळासोमामा

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता सयाजीरावांचा फोन आला. लग्न ठरल्याप्रमाणं होणार! म्हणाले, "पावणं, मला पित्ताचा त्रास. मी जीव तोडून नको नको म्हणत होतो. अख्ख्या पंगतीत ते कळलं एकट्या त्या यंत्राला."

आणखी एक. यंत्र काढू नकोस. लग्नाच्या पंगतीत ते चालू पायजे, अशी व्याह्यांची अट हाय. संयोगिता म्हणते, विशूदादाला सांगा, कॅमेरा पप्पांच्या पळीवरच रोखून बसव. किती दिवसांनी हसली पोरगी, म्हणून मी लगेच मान डोलावली.