अप्रभावी

खडकी, ४ मार्च १९९७

चि. गोपाळकृष्ण यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. तुझी पद्मजा कॉलेजातल्या तपासणीत थॅलेसेमियाची वाहक निघाली. त्यावर तू मलाच समजावतोस की जनुक 'अप्रभावी' आहे, म्हणजे मुदत संपलेल्या औषधासारखं निरुपद्रवी! अरे, जोडीतलं चांगलं जनुक सदोष जनुकाला झाकतं, एवढाच त्याचा अर्थ. आईवडील दोघंही वाहक असले, तर दर मुलामागे त्याला प्रत्यक्ष आजार होण्याचा चारात एक धोका. ते मूल महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याच्या रक्तावर जगेल.

माझा श्रीनिवास धडधाकट आहे, त्याला तपासायची गरज नाही. पण आमच्या घरात हे शिरायला नको. ठरलेलं लग्न मोडताना मला आनंद होत नाही. पत्रिका छापू नकोस.

रागावलास तरी येणं-जाणं ठेव.

तुझी ताई

धायरी, ९ मार्च

ती. आत्यास सा. न.

पत्र वाचून बाबा न जेवता उठले, म्हणून मी लिहिते. लग्न ठरल्यापासून आई मला तुम्हाला 'अहो' म्हणायला लावते, तेही पाळते.

जनुकं मला शाळेत तुम्हीच शिकवलीत. बाहेरून दिसतं ते दृश्यरूप. त्यावरून आतलं जनुकरूप सांगता येत नाही, हे वाक्य पाच वेळा लिहायला लावलं होतंत. आमच्याकडे आई वाहक नाही, बाबा आहेत. त्यांना ते आजीकडून किंवा आजोबांकडून आलं. तुम्हीही त्यांच्याच. मग तुमच्या घरात ते आधीच नाही कशावरून?

तुम्ही आणि श्रीनिवास, दोघांनी रक्त तपासावं. तोवर माझाही होकार धरू नये.

उद्धटपणा पोटात घालावा.

पद्मजा

खडकी, १७ मार्च

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद.

रक्त दिलं. चार दिवस मी पहाटे चारलाच उठून बसत होते. श्रीनिवासने विचारलं, आई कुठल्या परीक्षेला बसली आहे.

काल अहवाल आले. मी वाहक आहे. त्याच्यात ते उतरण्याची शक्यता निम्मी होती, उतरलेलं नाही. तुमची मुलं फार तर वाहक होतील, त्यांना हा आजार होणार नाही.

तुझ्यात काढलेला दोष माझ्यातच होता. अप्रभावी म्हणजे लपलेलं, नाहीसं नव्हे, असं बत्तीस वर्षं शिकवलं. स्वतःला तपासायचं सुचलं नाही. चूक माझी.

गोपाळला जेवायला सांग. तुझा होकार अजून आहे का, ते स्पष्ट लिही. माझी भीड धरू नकोस.

तुझी आत्या

धायरी, २० मार्च

ती. आत्यास सा. न.

बाबा पोटभर जेवून छापखान्यात गेलेत. होकाराचं विचारतेस? तो अप्रभावी होता गं, नाहीसा नव्हता.

लोभ पूर्वीसारखाच, 'अहो' वगळून.

पद्मजा