आज काकूच्या चहाले नाही म्हण

गजू,

मी पहिल्या एसटीनं तिवशाले चालली. सुभद्रा मावशीले घेऊन थेट कोर्टात येईन. त्या दिवशी गाडीत तुह्या बाजूले तीच बसली होती, तिनं सारं पाहिलं हाय. तू अकराच्या आत पोच. लायसन आन् गाडीचे कागद टीव्हीवर ठेवले.

आता नीट वाच. सिग्नल तोडला का म्हणून जजसाहेबानं विचारलं, तर हो म्हण. तोडला तर तोडला. पण फोनवर बोलत होता का म्हटलं, तर नाही म्हण. उन्हासाठी बांधलेला दुपट्टा कानापाशी धरून होतो, एवढंच सांग. फोनवर होता ना म्हणून पोलीस दरडावला आन् तू मान खाली घालून "हो साहेब" म्हटलं, म्हणून हे झेंगट मागं लागलं. मोठ्यायले उलटं बोलू नये, हे बाबाचं शिकवणं आज घरी ठेव. लायसन गेलं तर गाडी उभी राहीन, आन् यंदा कपाशीनं दगा देल्यावर घर त्या गाडीच्या भाड्यावरच चालून राहिलं.

बाबा कोर्टात मागच्या बाकावर बसतीन. तू बोलताना ते खोकलले तरी चूप होऊ नको. मी त्यायले सांगतलं हाय, पण त्यायची सवय तुले मालूम हाय.

खाली घरमालकीण काकू चहा घेऊन उभी राहीन. तो पाकासारखा चहा तुले आवडत नाही, तरी दिवाळीपासून हो हो करून पिऊन राहिला. आज तिले नाही म्हण. तिच्यासमोर जमलं, तर जजसमोरबी जमन.

ताई