पिंपळटेकचा लाल नकाशा

मी रत्नमाला कडुबा पगारे, वय अडुसष्ट, निवृत्त आरेखक, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरतो एवढंच. माझ्या पश्चातची ही व्यवस्था कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने लिहिते. अंमल भाची प्रेरणा हिने करावा.

१. राहत्या दोन खोल्या प्रेरणाला. भाऊ गोकुळ याला काही नाही. आई सात वर्षं अंथरुणाला होती. तो दारातूनच विचारपूस करून जाई.

२. माझे तेव्हाचे साहेब शिवराज यांना निळ्या रंगाची अर्धी बाटली पोस्टाने पाठवावी. कारण असं. गंगापूर तालुक्यातल्या पिंपळटेकसाठी मी भूजलाचा नकाशा केला. आधीचे नकाशे गावात कोणाला वाचता येत नसत. म्हणून बायकांबरोबर विहिरीविहिरीवर हिंडले. खोली मीटरऐवजी परसात लिहिली. माणसाच्या उंचीचं ते माप सगळ्यांना ठाऊक होतं. काळा पाषाण कुठे, पाणी धरणारा मांजऱ्या खडक कुठे, ते देऊळ, विहार, शाळा यांच्या खुणांनी दाखवलं. आणखी उपसा नको तिथे लाल रंग, चालेल तिथे निळा. गावातल्या भामाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बोट ठेवलं, "ही आमची हीर. भवताली लाल हाय, म्हंजी हितं बोअर पाडायचा नाय." आयुष्यात तेवढाच एक दिवस मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

साहेब म्हणाले, "लाल दिसला की बोअरची मंजुरी अडते. निळा करा. का आईला टाकून गडचिरोलीला जायचंय?"

मी निळा केला. सहीही केली. आईचं निमित्त पुढे करणार नाही. नाही म्हणता आलं असतं.

एकवीस बोअर झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात भामाबाईंची विहीर आटली. त्यांची थोरली सून खदानीवर पाण्याला गेली आणि पाय घसरून बुडाली. त्याच वर्षी साहेबांना त्या नकाशाबद्दल बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

३. मूळ लाल नकाशा कपाटात आहे. माझ्या बँकेतल्या ठेवीतून तो पिंपळटेकच्या शाळेच्या भिंतीवर मोठा रंगवून घ्यावा. खाली लिहावं: खोट्या नकाशावर सही रत्नमाला पगारे हिची. शिवराज यांचं नाव घालायचं का, ते गावाने ठरवावं.

४. शोकसभा नको. कचेरीतल्या कोणाला कळवू नये.

(सही) रत्नमाला कडुबा पगारे
मुकुंदवाडी, १२ मार्च २०२५

साक्षीदार:
अतुल म्हस्के, शेजारी (सही)
भामाबाई खरात, पिंपळटेक (अंगठा)

भामाबाईंना सगळं वाचून दाखवलं. अंगठा उठवताना त्या म्हणाल्या, "समदं खरं हाय, म्हणून अंगठा देते. म्या माफ केलं असं कुठं लिहू नको."

लिहिलेलं नाही.