आर्वेलच्या कुंपणातला दगड

वरचं कुरण, १४ जून

प्रिय वेल्डा,

स. न. वि. वि. इकडे सारं ठीक. आर्वेल गेल्यापासून टेबलावर एकच ताट असायचं, पण सध्या विद्यापीठाची माणसं जेवायला असतात. त्यांना आपल्या उतारात डायनासोर सापडलाय. डोळ्यांपुढे डोंगराएवढं धूड आणू नकोस. मेंढरांच्या कुत्र्याएवढा, पाला खाणारा, बीळ करून राहणारा. बिळात वाळू शिरली आणि सगळे आतच राहिले. एक मोठं, शेजारी दोन पिल्लं. पुस्तकगाडीतून पुस्तकं आणून वाचतेय, पण असं बिळातलं कुटुंब कुठे भेटलं नाही.

आता अडचण. एका पिल्लाचा मागचा भाग नाही. त्यांची प्रमुख मारित म्हणून मुलगी आहे, तिला तो आपल्या कुंपणाच्या कोपऱ्यातल्या एका दगडात दिसला. इथल्या खडकात खांब रोवता येत नाही म्हणून आपण लाकडी पिंजरे करून त्यात दगड भरतो, तुला ठाऊकच आहे. तो पिंजरा आर्वेलने गेल्या पानगळीत भरला, त्याच उतारावरचे दगड उचलून. त्याचं शेवटचं काम. बर्फ पडायच्या आत तो गेला. मारित म्हणाली, दगड तळाशी आहे, पिंजरा उकलावा लागेल. मी सरळ नाही म्हटलं. बिचारी भांडी घासून गेली. तुझं मत कळव.

आठवण असू दे.
तुझी नेड्रा

पोकाटेलो, २१ जून

प्रिय नेड्रा,

स. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग रडले. माझा भाऊ जन्मभर कुंपण मोडणाऱ्या गाईंना शिव्या देत राहिला आणि शेवटी डायनासोरलाच कुंपणात घालून गेला!

तू ठाम राहा, असं लिहायला बसले होते. त्याच्या हातचं आता तेवढंच उरलंय. पण पेन अडलं. ते पिल्लू आहे हे त्याला कळलं असतं, तर त्याने टाकलं असतं का पिंजऱ्यात? थंडीतलं वासरू थेट तुझ्या चुलीपाशी आणून निजवणारा माणूस तो. तू किती ओरडायचीस! आणि त्या मोठ्याला तू आई धरून चालली असशील. बाप का नसावा, म्हणते मी?

तू काहीही ठरव, मी रुसणार नाही. जेवत जा. माया आहेच.
वेल्डा

वरचं कुरण, ५ जुलै

प्रिय वेल्डा,

स. न. वि. वि. पिंजरा उकलला. मारितची माणसं मदतीला धावली, तर त्यांना बाजूला बसवलं आणि एकेक दगड मीच काढून गवतावर ठेवला. तळचा तेवढा मारितच्या हातात दिला. तिने तो पिल्लाच्या कमरेशी लावला. नीट जुळला. आई की बाप हे हाडांवरून सांगता येत नाही, असं ती म्हणते; तेव्हा तुझंच खरं धर. ती तिघं आता तुझ्या गावच्या संग्रहालयात येताहेत. माझ्या वाटचंही बघून ये.

गाई वर सोडायच्या होत्या, म्हणून पिंजरा लगेच भरायला घेतला. तोच पिंजरा, तेच दगड, उलट एक कमीच. तरी काठोकाठ भरला आणि बाहेर ढीग उरला. उपसून पुन्हा भरला. पुन्हा उरला. वेल्डा, त्याने ते सगळे आत कसे बसवले होते, हे आता कुणाला विचारू?

लोभ आहे तसाच राहू दे.
नेड्रा